नाताळची मेजवानी कोणासाठी?

डिसेंबर उजाडला की बेंगळूरु, हैदराबाद, गुरुग्राम येथील कार्यालयांत एक छोटी समिती नेमली जाते. स्वागतकक्षात नाताळचे झाड उभे करायचे, केकची मागणी नोंदवायची आणि ‘सीक्रेट सांता’च्या चिठ्ठ्या काढायच्या, एवढेच तिचे काम. राष्ट्रीय प्रश्नांना वाहिलेल्या स्तंभात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला मात्र तो येथेच शोभतो असे वाटते. परधर्मीयांच्या शेजारी बसून दिवसाचे आठ-नऊ तास घालवावेत, अशी जागा शहरी भारतीयाला कार्यालयाखेरीज क्वचितच मिळते. अनेक शहरांत वस्त्या धर्मानुसार विभागल्या आहेत. घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते. अशा काळात आपले कार्यालय दुसऱ्याचा सण कसा साजरा करते, यावरून आपल्या सहजीवनाची प्रकृती कळते.

नाताळ हा पाहुणा सण आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 2.78 कोटी ख्रिस्ती आहेत, लोकसंख्येच्या 2.3 टक्के. हिंदीत या सणाला ‘बडा दिन’ म्हणतात, बंगालीत ‘बडोदिन’, आणि मराठीने पोर्तुगीजांकडून घेतलेला ‘नाताळ’ हा शब्द इतका आपलासा केला आहे की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. केरळातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी 1883 मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी केक भाजला आणि तोच भारतातील पहिला नाताळ केक, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये ज्यू कुटुंबाने सुरू केलेल्या नाहूमच्या दुकानापुढे डिसेंबरात सर्व धर्मांच्या गिऱ्हाइकांची रांग लागते. सण वाटून घेण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

तरीही अलीकडे मनुष्यबळ विभागांत एक संकोच जाणवतो. ‘नाताळ’ हा शब्द निमंत्रणातून गाळून ‘वर्षअखेरचा स्नेहमेळावा’ असे लिहिले जाते. झाड राहते, नाव जाते. या संकोचामागचे भय अगदीच निराधार म्हणता येत नाही. 2021 च्या नाताळात अंबाला येथील एका जुन्या चर्चमधील येशूच्या पुतळ्याची मोडतोड झाली होती. पण दिवाळीला दिवाळी म्हणणारी संस्था नाताळला नाताळ म्हणायला कचरते, तेव्हा तिच्या ख्रिस्ती कर्मचाऱ्याला जो संदेश मिळायचा तो मिळतोच.

याच्या दुसऱ्या टोकाला बाजारातून उचललेला नाताळ असतो. काही वर्षांपूर्वी दिल्लीजवळच्या एका मोठ्या कार्यालयात अशा नियोजनाच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. सजावटीचा रंग, वाइन आणि कोंबडीचे पदार्थ यांवर दीर्घ चर्चा झाली. समितीत एकही ख्रिस्ती सदस्य नव्हता. शेवटी कोणीतरी लेखा विभागातील मल्याळी सहकारी महिलेला बोलावले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी माझा उपवास आहे.’’ केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत 1 डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात आणि त्या काळात मांसाहार वर्ज्य असतो. सुट्ट्यांपूर्वी सर्वांना सोयीची म्हणून निवडलेली तारीख नेमकी त्यात आली होती. ज्यांचा सण, त्यांनाच त्या ताटावर जेवता येणार नव्हते.

वाइनचेही तसेच. नाताळ म्हणजे मद्य हे समीकरण आपण चित्रपटांतून घेतले आहे. ज्या नागालँडमध्ये सुमारे 88 टक्के लोक ख्रिस्ती आहेत, तेथे चर्चच्या आग्रहामुळे 1989 मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. केरळचा, गोव्याचा आणि कोहिमाचा नाताळ एकसारखा नाही. म्हणून नियोजनाची पहिली पायरी सजावटीची नसून विचारपूस करण्याची आहे. विचारपूस याचा अर्थ एकुलत्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यावर सारी जबाबदारी ढकलणे असा मात्र नव्हे.

दुसरा प्रश्न रजेचा. केंद्र सरकारच्या 14 अनिवार्य सुट्ट्यांच्या यादीत नाताळ आहे. खासगी क्षेत्रात मात्र सणाची सुट्टी राज्यागणिक आणि आस्थापनेगणिक बदलते. परदेशी ग्राहकांवर चालणाऱ्या अनेक कार्यालयांना 25 डिसेंबरची सुट्टी मिळते ती ग्राहकाचे दुकान बंद असते म्हणून. चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्रांत, रुग्णालयांत आणि गोदामांत तीही मिळेलच असे नाही. आयझॉल किंवा कोहिमाला जाऊन यायचे तर प्रवासातच किती दिवस मोडतात, हे ईशान्येकडील सहकाऱ्याला विचारावे. त्याला केकच्या तुकड्यापेक्षा चार दिवसांची रजा हवी असते, आणि तीही ऑक्टोबरातच मंजूर झालेली, म्हणजे तिकीट काढता येईल. ज्या संस्थेत झाड लागते आणि रजेचा अर्ज फेटाळला जातो, तिने सण साजरा केला असे मी म्हणणार नाही.

तिसरा प्रश्न मेजवानीत कोण बसते आणि कोण खुर्च्या उचलते, हा. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उपाहारगृहातील मुले यांची नावे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. निमंत्रणाच्या यादीत ती येत नाहीत. सांताचा अंगरखा मात्र बहुधा त्यांच्यापैकीच एखाद्याच्या अंगावर चढवला जातो. येथे कायदा आपल्या सवयींपेक्षा उदार आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा कंत्राटी आणि रोजंदारीवरील महिलांनाही संरक्षण देतो. नोकरीच्या अनुषंगाने कर्मचारी जेथे जाते ते ठिकाण आणि मालकाने पुरवलेले वाहन, दोन्हींना तो कामाचे ठिकाणच मानतो. म्हणजे हॉटेलातील मेजवानी आणि रात्रीचा परतीचा प्रवास ही संस्थेचीच जबाबदारी ठरते. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे निमंत्रणासोबत कळवण्यास काहीही खर्च येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. कार्यालयाने कोणताच धार्मिक सण साजरा करू नये, धर्म उंबरठ्याबाहेर ठेवावा, असे काही जण म्हणतात. या भूमिकेत तर्क आहे. पण ती पाळायची तर आयुधपूजेला संगणकांवर वाहिलेली फुलेही बंद करावी लागतील, आणि तसे कोणी सुचवत नाही. व्यवहारात हा नियम फक्त अल्पसंख्याकांच्या सणांना लागू होतो. त्यापेक्षा सर्व सणांना एकच नियम लावणे मला अधिक न्याय्य वाटते. राज्यघटनेचा अनुच्छेद 25 धर्मपालनाच्या हक्काआधी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा उल्लेख करतो. तो खासगी मालकाला थेट बांधत नसला, तरी त्यातला क्रम मार्गदर्शक आहे. ज्याला यायचे नाही त्याला कारण विचारू नये, आणि त्याच्या अनुपस्थितीची नोंद वरिष्ठांच्या मनातही राहू नये.

म्हणून प्रत्येक आस्थापनेने आपल्या सणांसाठी एक पानभर लेखी धोरण करावे. सण ज्यांचा, त्यांना तारीख आणि जेवण ठरवताना विचारावे. कार्यक्रम कामाच्या वेळेत व्हावा, खर्च संस्थेचा असावा, वर्गणी आणि सक्ती नसावी. भेटवस्तूंना अशी मर्यादा असावी की सर्वांत कमी पगाराच्या माणसालाही ती जड जाऊ नये. कंत्राटी कामगारांना निमंत्रण असावे आणि आवराआवर सर्वांनी मिळून करावी. हेच पान ईद, दिवाळी, बुद्धपौर्णिमा आणि गुरुनानक जयंतीलाही लागू असावे. यंदाच्या समित्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की केकची मागणी नोंदवण्यापूर्वी त्यांनी मनुष्यबळ विभागात पडून असलेले रजेचे अर्ज निकाली काढून घ्यावेत.