फिरते भांडवल विद्येचे

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळाची बैठक होती. पुढील काही वर्षांत विद्यापीठाचा दर्जा मिळवावा, अशी मंडळाची आकांक्षा आहे. त्याची पहिली पायरी म्हणून ४ मजली नवी इमारत बांधावी, असा प्रस्ताव समोर होता. एका व्यापारी कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ मोठी देणगी देऊ केली होती. कोनशिलेचा मुहूर्तही जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात त्याच कुटुंबातील ज्येष्ठ काकांनी शांतपणे विचारले, ‘‘आत्ता ज्या खोल्या आहेत, त्या दुपारी १ नंतर काय करतात?’’

उत्तर कोणाजवळच नव्हते.

प्रश्न खास व्यापाऱ्याचा होता. दुकानात माल किती भरला आहे यावरून नव्हे, तर तो वर्षातून किती वेळा फिरला यावरून पेढीची प्रकृती ओळखावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. दिवाळीपूर्वी मालाची मोजदाद करताना कोपऱ्यात पडून राहिलेले गठ्ठे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत सलतात. मग विश्वस्ताच्या खुर्चीवर बसताना ही दृष्टी आपण घरी का ठेवून येतो?

याच दृष्टीला आज जगात ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे नाव मिळाले आहे. २००५ साली एलन मॅकार्थर या इंग्लिश दर्यावर्दी महिलेने शिडाच्या नौकेतून एकटीने ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून त्या वेळचा विक्रम मोडला. नौकेवर जेवढे अन्न व इंधन आहे तेवढेच आपले, अधिक काही मिळणार नाही, ही जाणीव तिने समुद्रावर घेतली. आणि पुढे २०१० साली या विचाराच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली. ‘घ्या, वापरा, टाका’ ही सरळ रेषा सोडून वस्तूला पुनःपुन्हा उपयोगात फिरवत ठेवावे, हे या विचाराचे सार.

चक्र म्हटले की आपल्यापुढे रद्दी आणि भंगार उभे राहते. वस्तुतः ते सर्वांत बाहेरचे, शेवटचे वर्तुळ. आतली वर्तुळे अधिक मोलाची : प्रथम आहे ते पुरेपूर वापरणे, मग दुरुस्त करणे, मग दुसऱ्याच्या हाती देणे किंवा दुसऱ्या कामाला लावणे. हे सर्व शक्य नसेल तेव्हाच मोडीत काढणे.

विद्यापीठाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाला एका संकटाने शिकवले. १३ मे २००८ रोजी तेथील वास्तुकला विद्याशाखेच्या १३ मजली इमारतीला आग लागली. कारण क्षुल्लक : गळलेल्या पाण्यामुळे कॉफीच्या यंत्रात झालेले शॉर्ट सर्किट. माणसे वाचली, इमारत गेली. विद्यार्थ्यांची सोय काही काळ तंबूंत करावी लागली. विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत तेव्हा त्याच गावात उभी होती. काही महिन्यांत तीच डागडुजी करून वापरात आणली गेली. आतल्या मोकळ्या चौकांवर काचेचे छत घालून त्यांची प्रशस्त दालने केली. अनेक प्राध्यापकांनी स्वतःच्या स्वतंत्र खोलीचा आग्रह सोडून सामायिक मेजे स्वीकारली. नव्या इमारतीसाठी स्पर्धा घेण्यात आली, जगभरातून शेकडो कल्पनाही आल्या. परंतु तात्पुरती म्हणून घेतलेली जुनी वास्तूच अखेर कायमची झाली. जेथे इमारती बांधायला शिकवतात, तेथे न बांधण्याचा धडा मिळाला.

वास्तू फिरती राहू शकते, तशी माणसेही राहू शकतात. त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. सातारा पुरेसा आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले. अखेर मंगळसूत्रही विकले. विद्यार्थ्यांचे श्रम हेच संस्थेचे भांडवल झाले : मुलांनी कमवावे, शिकावे, आणि शिकून पुन्हा संस्थेत शिकवायला यावे. त्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. एका मुलाच्या शिक्षणात घातलेले भांडवल असे हजारो मुलांकडे फिरले.

आज साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठ आहे. ते मोकळ्या माळावर नव्याने उभारलेले नाही. रयतचीच तीन महाविद्यालये एकत्र आणून २०२१ साली हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. एकाच्या प्रयोगशाळा, दुसऱ्याचे ग्रंथालय, तिसऱ्याचे अध्यापक परस्परांना उपयोगी पडावेत, ही समूह विद्यापीठामागची कल्पना आहे. वाढ म्हणजे भर घालणेच नव्हे. जे विखुरलेले आहे ते जोडणे हीही वाढच आहे.

अर्थात नवे बांधूच नये, असे कोणी म्हणणार नाही. रसायनांची प्रयोगशाळा सुरक्षित नसेल, मुलींच्या वसतिगृहात जागा नसेल, तर बांधलेच पाहिजे. परंतु हिशोब आधी मांडावा. समजा, वर्ग रोज सकाळी ८ ते दुपारी १ भरतात. म्हणजे आठवड्यातील ६ दिवसांत खोली ३० तास वापरली गेली. संस्था रात्री ८ पर्यंत उघडी ठेवली, तर तीच खोली ७२ तास उपलब्ध आहे. उरलेल्या ४२ तासांत नोकरी करणाऱ्यांचे अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, गावातील कारागिरांचे प्रशिक्षण यांतले काय बसेल, हे पाहण्याआधी वीट आणू नये.

अडचण खरी आहे ती दात्याच्या मनात. इमारतीवर नाव कोरता येते. छपराच्या दुरुस्तीवर, सूक्ष्मदर्शकाच्या देखभालीवर किंवा रात्री ग्रंथालय उघडे ठेवणाऱ्या सेवकाच्या पगारावर ते कसे कोरणार? बैठकीत हाच प्रश्न एका विश्वस्तांनी दबक्या आवाजात काढला. काका म्हणाले, ‘‘माझ्या भावाने आयुष्यभर दुकानाची पाटी बदलली नाही. रोज सकाळी ती स्वतः पुसत असे.’’

कोनशिलेचा मुहूर्त सध्या पुढे ढकलला आहे. पुढील बैठकीत इमारतीच्या नकाशाआधी सर्व खोल्यांचे व उपकरणांचे वेळापत्रक ठेवावे, असे ठरले. या सदराचे अनेक वाचक कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आहेत, दाते आहेत. आपल्यापुढे नव्या इमारतीचा नकाशा येईल तेव्हा आपणही आधी ते वेळापत्रक मागावे, एवढीच विनंती.