पंक्चर काढणं ही शिवी कुणी केली?

'पंक्चरवाला' हे आता नुसतं धंद्याचं नाव राहिलेलं नाही, मुसलमानाला हिणवायचा तो शब्द झाला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी बंगळुरूत सीएएविरोधी आंदोलकांना याच शब्दाने खिजवलं. १४ एप्रिल २०२५ ला हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता, तर मुसलमान तरुणांना सायकलींची पंक्चर काढत बसावं लागलं नसतं. सूर कळवळ्याचा, पण काम हलकं हे दोघांनीही धरूनच चाललं.

आधी ते काम बघा. मिरजेच्या रस्त्यांवर ऊसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या धावतात. ट्रकचं चाक खोलायचं, लिव्हरने टायर सोडवायचा, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, कानशीने घासून सोल्युशन लावायचं, पॅच बसवायचा. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल, तर ती उडून माणसाचा जीव जातो. हे अडाण्याचं काम आहे म्हणणाऱ्याने एकदा ते करून बघावं.

याच मिरजेत शिकलगारांनी हत्यारं घडवणारे हात सतारीकडे वळवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण भोपळ्याला आकार देणारा हात कलावंताचा आणि टायरला आकार देणारा हात हिणवण्याचा, हा हिशोब कुठला?

वक्फचा कारभार नासला, हे खरंच आहे. त्यात आपलेही हात आहेत. पण मुलं शाळेतून गळतात ती एवढ्यामुळेच का? सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. महाराष्ट्रात मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश २०१४ मध्ये निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण अडवलं नव्हतं, तरी अध्यादेश विरून गेला. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली, पाठोपाठ संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही. पोरांच्या हातातली वही काढून घ्यायची आणि मग हातात पाना दिसला की कीव करायची, याला कळवळा म्हणत नाहीत.

आता थोडं घरातलं. वर्गात नापास पोराला "पंक्चर काढशील काय?" असं विचारणारे शिक्षक आपल्यातलेच आहेत. लग्न ठरवताना "मुलगा गॅरेजमध्ये आहे" म्हटलं की नाक मुरडणारेही आपलेच. हजरत दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हातच्या कमाईवर जगत, हे जुम्म्याच्या बयानात ऐकून मान डोलवायची, आणि बाहेर पडून हातकमाईवाल्यालाच हसायचं?

पंक्चरच काढा, असं मी कुणाही पोराला सांगणार नाही. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर वाट मोकळी हवी. आणि टायरचंच काम करायचं असेल तर आयटीआयमध्ये शिकायची सोय हवी, शिकल्याचं प्रमाणपत्र हवं, हवा भरताना टायरभोवती लोखंडी पिंजरा हवा, कॉम्प्रेसरसाठी बँकेचं कर्ज हवं. यातलं काहीही वक्फचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

लाज वाटायचीच असेल तर बाराव्या वर्षी पोराला शाळेऐवजी दुकानात पाठवावं लागतं, याची वाटू द्या. दुकानाची नको.