चूक नेमकी कोणाची?

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यासाठी बेलापूरमधील एका बँकेच्या एटीएमपाशी गेले होते. वय अठ्ठ्याहत्तर. सरकारी कचेरीत तीस वर्षे जमाखर्च तपासलेला माणूस. एका पैशाची तफावतही त्यांनी कधी राहू दिली नाही. सोबत माझी पुतणी होती. ती तेव्हा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत होती.

अप्पांनी पडद्यावर मराठी भाषा निवडली. पुढची सूचना मात्र इंग्रजीत आली. त्यांनी रक्कम टाकली आणि ‘पुढे’ या शब्दासमोर दिसणारे बटण दाबले. व्यवहार रद्द झाला. दुसऱ्या खेपेस चष्मा पुसून ते सावकाश वाचू लागले, तर वेळ संपल्याचे सांगून यंत्राने कार्ड परत केले. मागच्या रांगेतून आवाज आला, “काका, जमत नसेल तर बाजूला व्हा ना.” अप्पा बाजूला झाले.

घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “माझंच चुकलं. आता वय झालं.” त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड माझ्या धाकट्या भावाच्या हाती सोपवले. स्वतःच्या कष्टाच्या पैशासाठी मुलाला सांगावे लागणे हे त्यांना किती बोचले असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आम्हीही विचारले नाही.

पुतणीने मात्र कागद पुढे ओढला. “आजोबा, तुमचं नाही चुकलं,” असे म्हणत तिने रेघा काढून दाखवल्या. त्या यंत्राचा पडदा चौकटीच्या बराच आत होता आणि बटणे बाहेर, चौकटीवर होती. उंच माणूस वरून पाहू लागला, की पडद्यावरची ओळ प्रत्यक्षात असते त्यापेक्षा वरच्या बटणासमोर दिसते. अप्पा उंच आहेत. डोळ्यांना जे दिसले, त्यावर विश्वास ठेवून त्यांनी बटण दाबले होते.

पुढे काही महिन्यांनी तिने घरात जाहीर केले, की हाती आलेली नोकरी ती स्वीकारणार नाही. तिला इंटरॅक्शन डिझाइन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. भावाने कपाळाला हात लावला. “इंजिनिअर झालीस ती आता चित्रं काढायला?” हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असेल. म्हणून या वेळचा लेख त्यावरच.

इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीची रचना. हे नाव सुचले १९८० च्या दशकात. ब्रिटिश अभिकल्पक बिल मॉग्रिज यांनी ‘ग्रिड कंपास’ या आरंभीच्या, मिटता येणाऱ्या संगणकाला रूप दिले. तो १९८२ मध्ये बाजारात आला. स्वतः तो वापरताना त्यांच्या ध्यानात आले, की आपण कष्टाने घडवलेली पेटी आपण केव्हाच विसरलो असून आपले सारे चित्त पडद्याआड काय घडते आहे, यातच गुंतले आहे. मग त्या आतल्या व्यवहारालाही कोणी आकार द्यायला नको का? या प्रश्नातून त्यांनी आणि बिल व्हरप्लँक यांनी या विद्याशाखेचे नामकरण केले.

एटीएमचेच उदाहरण पुढे नेऊ. पूर्वी काही यंत्रे आधी रोकड देत आणि मागाहून कार्ड. लोक पैसे घेऊन निघून जात व कार्ड तेथेच राहून जाई. माणूस ज्या कामासाठी आला, ते काम झाले की त्याचे मन पुढे धावते. हा त्याचा विसराळूपणा नव्हे, स्वभाव आहे. क्रम उलटा केला, आधी कार्ड आणि मग पैसे, आणि कार्डे विसरण्याचे प्रमाण घटले. ‘कार्ड विसरू नका’ अशा दहा पाट्यांपेक्षा हा एक बदल मोलाचा ठरला. या विद्येचे सार एवढ्यात आले: माणसाला दटावण्याऐवजी त्याच्या स्वभावाला धरून यंत्र घडवावे.

आपल्याकडे हा अभ्यास परका नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आजचे आयडीसी, १९६९ मध्ये सुरू झाले. प्रा. सुधाकर नाडकर्णी हे त्याचे संस्थापक. तेथे इंटरॅक्शन डिझाइनचा दोन वर्षांचा एम.डेस. अभ्यासक्रम आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, म्हणजे एनआयडीच्या, बंगळुरू येथील केंद्रातही हा विषय शिकवला जातो.

आयडीसीतील कामाचा एक नमुना कदाचित आपल्या मोबाइलमध्येही असेल. तो म्हणजे प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक. इंग्रजी कळफलकावर मराठी अक्षरे कोंबण्याऐवजी त्यांनी आपल्या बाराखडीचाच आधार घेतला. ‘क’ वर बोट ठेवले, की त्याभोवती का, कि, की, कु अशी अक्षरे चक्राकार उमटतात. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचे, की अक्षर तयार. शाळेत गिरवलेली बाराखडी ज्याच्या मनात आहे, त्याला फारसे नवे काही शिकावे लागत नाही.

आता प्रवेशाविषयी. आयआयटीतील एम.डेस. साठी सीईईडी ही परीक्षा द्यावी लागते. ती आयआयटी मुंबई घेते आणि साधारणपणे जानेवारीत होते. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरले जातात. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी असलेला, अथवा अशा पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तिला बसू शकतो. वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. मात्र गुण एकच वर्ष ग्राह्य धरतात. एका भागात आकलन, तर्क व निरीक्षण यांची कसोटी लागते, दुसऱ्यात रेखाटन व कल्पकतेची. पुढे संस्था स्वतः मुलाखत घेते आणि केलेल्या कामाचा संग्रह पाहते. एनआयडीची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते.

संग्रह म्हणजे सुबक चित्रांची वही, असा बऱ्याच मुलांचा समज असतो. पुतणीचाही होता. तिने पहिला विषय घरातलाच निवडला. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. मुंबई परिसरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैत सव्वासातनंतर. त्यामुळे रोजची वेळ पाहावी लागते. तिने मोबाइलच्या पडद्यासाठी सूर्यास्ताचे सुंदर चित्र व मोठ्या अक्षरांत वेळ अशी रचना केली आणि आजीला दाखवली. आजीने कौतुक केले, पण संध्याकाळी ती पुन्हा भिंतीवरच्या पंचांगाकडेच वळली.

मग पुतणी चार संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. तिने दोन गोष्टी टिपल्या. एक, त्या वेळी आजीचे हात पिठाने भरलेले असतात. ती मोबाइलला हात लावणारच नाही. दुसरी, ‘सूर्यास्त किती वाजता?’ असे आजी कधी विचारतच नाही. तिचा प्रश्न असतो, ‘अजून किती वेळ आहे गं?’ तिला वेळ नको असतो, अवधी हवा असतो. चार पोळ्या लाटून होतील की दोनच, हे तिला ठरवायचे असते. पुतणीने सारे चित्र पुसले. नव्या रचनेत फक्त उरलेली मिनिटे, दुरूनही दिसतील अशी, आणि दहा मिनिटे उरताच एक मंद घंटानाद. संग्रहात ठेवावे असे काही तिच्या हाती लागले ते त्या दिवशी.

या शिक्षणात दोन वर्षे मुख्यतः हेच चालते: माणसांपाशी जाऊन बसणे, त्यांचे काम पाहणे, कागदावर कच्ची रचना करणे, ती त्यांच्या हाती देऊन ते कोठे अडतात ते पाहणे, आणि पुन्हा नव्याने करणे. संगणकाचे ज्ञान उपयोगी पडते. पण स्वतःचा आवडता विचार खोडून टाकण्याची तयारी त्याहून अधिक लागते.

याचा एक धडा आपल्या बेलापुरातच उभा आहे. सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचले. सात घरे एका आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती. अशा तीन समूहांचा मिळून आणखी मोठा चौक. घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक ठेवल्या नाहीत, कारण ऐपत वाढेल तसे प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. आज तेथे हिंडले तर कित्येक मूळ घरे ओळखूही येत नाहीत, इतकी ती बदलली आहेत. कोणाला त्याची खंत वाटते. पुतणी म्हणाली, “काका, लोक बदल करणार हे त्यांनी आधीच धरलं होतं. म्हणून तर भिंत मोकळी ठेवली.” पडदा असो वा घर, वापरणाऱ्याला आधी मनात आणणे हीच ती विद्या.

तथापि पालकांनी तिची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. माणसाचा स्वभाव ज्याला कळतो, त्याला त्या स्वभावाचा गैरफायदाही घेता येतो. न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत गुपचूप घालणे, ‘शेवटची दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे अवघड ठेवणे, हेही कोणीतरी विचारपूर्वक रचलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तरी नोकरीत वरिष्ठांकडून अशी मागणी होणारच नाही, याची हमी नाही. त्या वेळी ‘हे मी करणार नाही’ असे म्हणण्याचे बळ कोणत्याही अभ्यासक्रमात गुण देऊन शिकवता येत नाही. ते घरातून न्यावे लागते. आपण व्यापारी माणसे. तराजू सरळ धरणे म्हणजे काय, ते मुलांना सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

भावाचा होकार अजून पूर्ण मनाचा नाही. पण अर्ज भरायचे त्याने मान्य केले आहे. त्यामागे मागच्या महिन्यातील एक प्रसंग असावा. पुतणीने एटीएमचे पडदे कागदावर काढून अप्पांपुढे मांडले होते. अप्पा बोटाने कागदावरचे बटण दाबत आणि ती पुढचा कागद ठेवी. तिसऱ्या कागदाशी ते अडले आणि सवयीने म्हणाले, “माझंच चुकलं.”

“नाही आजोबा, माझं चुकलं,” ती म्हणाली. तिने तो कागद बाजूला काढला आणि नवा काढायला घेतला. अप्पा शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सुचवले, की हा शब्द जरा खाली घे, आणि वाचायला आणखी थोडा वेळ दे. भाऊ दारात उभा राहून हे सारे ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी त्याच्याकडून आपले कार्ड परत मागून घेतले.