दोन दगडांवर पाय

परवा तास संपवून वर्गाबाहेर आलो, तो एक गृहस्थ दाराशी ताटकळत उभे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील. म्हणाले, "सर, आता तुम्हीच तिला सांगा. बँकेची परीक्षा सोडून वर्तमानपत्रात जाणार म्हणते. वर आणखी सिनेमेही काढणार! दोन दगडांवर पाय ठेवून कोणाचे भले झाले आहे?"

मी म्हटले, "बसा. एका माणसाची हकीकत सांगतो."

ख्वाजा अहमद अब्बास हे मूळचे पानिपतचे. जन्म १९१४ चा. अलीगढला शिकून मुंबईस आले नि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये बातमीदार झाले. पुढे तिथेच चित्रपटांची परीक्षणे लिहू लागले. दुसऱ्यांच्या चित्रांतल्या चुका काढता काढता १९४१ साली 'नया संसार'ची कथा स्वतःच लिहिली. विषय कोणता? वर्तमानपत्राचाच!

१९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली. त्यावर अब्बासांनी १९४६ साली 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. 'शहर और सपना'मध्ये मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणारे जोडपे दाखवले. १९६३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९६९ च्या 'सात हिंदुस्तानी'त गोव्याचा मुक्तिलढा आला, आणि अमिताभ बच्चन नावाचा एक उंच, नवखा तरुणही.

"म्हणजे पैसा चांगला मिळाला असेल!" गृहस्थ जरा खुलले.

खोटे कशाला बोलू? राज कपूरसाठी लिहिलेले 'आवारा', 'श्री ४२०' तुफान चालले. स्वतः काढलेली चित्रे मात्र बहुतेक पडली. पण 'लास्ट पेज' हे त्यांचे सदर आधी 'क्रॉनिकल'मध्ये, मग 'ब्लिट्झ'मध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ, १९८७ साली मृत्यू येईपर्यंत चालू राहिले.

आणि एक गोष्ट. चार महानगरांतली श्रीमंती नि दैन्य शेजारीशेजारी दाखवणारा सोळा मिनिटांचा माहितीपट त्यांनी काढला. सेन्सॉरने मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्ये कापायला सांगितली. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. वर्तमानपत्राला छापण्यापूर्वी कोणाची परवानगी लागत नाही, मग चित्रपटालाच का, हा त्यांचा सवाल. खटला चालू असतानाच सरकारने काटछाट न करता प्रमाणपत्र देण्याचे मान्य केले. तरी हे गृहस्थ तत्त्वासाठी लढतच राहिले! १९७० साली निकाल लागला. पूर्वपरीक्षण घटनेला धरून आहे, असेच न्यायालयाने ठरवले. पण कामवासनेचा उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही बजावले.

"म्हणजे हरलेच की!"

"तत्त्वाच्या मुद्द्यावर हरले. पण आजही सेन्सॉरचा वाद निघाला की वकील त्या निकालाची पाने उलटतात."

गृहस्थ गप्प झाले. मीही झालो. पंचविशीत मलाही एका वर्तमानपत्राने बोलावले होते. पगार ऐकून मी कॉलेजची नोकरी धरली. संसार सुखाचा झाला, तक्रार नाही. पण त्या मुलीला "जाऊ नकोस" म्हणायला माझी जीभ रेटेना.

"अहो, त्यांचे दगड दोन नव्हतेच," मी म्हटले. "डोळ्यांनी पाहिले ते लोकांपुढे मांडायचे, हा एकच दगड. पाय तेवढे दोन."

ते उठले. "पाठवतो तिला तुमच्याकडे. पण परीक्षेचा अर्जही भरायला सांगा हं!"

तेवढे मी कबूल केले. बापाच्या पोटातली भीती मलाही कळते. माझीही मुलगी यंदा दहावीला आहे.