यंत्र उघडावे केव्हा?

पंप बिघडो वा न बिघडो, वर्षातून एकदा तो उघडावा, पुसावा आणि पुन्हा बसवावा, ही शहाण्या शेतकऱ्याची रीत समजली जाते. प्रिय वाचकहो, या रीतीतच खोट आहे असे कोणी म्हटले, तर आपण त्याला आळशी ठरवू. परंतु दुसऱ्या महायुद्धात हेच सांगणारे लोक आळशी खचित नव्हते.

ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमाने तेव्हा अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांचा माग काढीत. ठरावीक तास उड्डाण झाले की विमानाची सक्तीची तपासणी होई. संशोधकांनी दुरुस्तीच्या नोंदी मांडून पाहिल्या, तो काय! अचानक उद्भवणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत अधिक, आणि पुढे तास जातील तसे कमी होत जाणारे. या मंडळींत कॉनरॅड वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा वृत्तान्त दिला आहे. सुरळीत चाललेले यंत्र उघडले, की कोठे नट ढिला राहतो, कोठे तार दबते, कोठे धूळ शिरते.

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्क्यांना वयाची मर्यादा घालून लाभ नाही, असे त्यांना आढळले. डीसी-८ विमानाचे २०,००० तास उड्डाण होईपर्यंत सांगाड्याच्या मोठ्या तपासण्यांवर ४० लाखांहून अधिक मनुष्य-तास खर्ची पडत. नव्या पद्धतीने, त्याहून कितीतरी मोठ्या बोइंग ७४७ ला ६६,००० पुरले.

मग यंत्र उघडायचे केव्हा? ते स्वतः सांगेल तेव्हा. ती भाषा शिकण्यासाठी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात बेअरिंगे निकामी होईपर्यंत मुद्दाम फिरविली गेली. एका शाफ्टवर चार बेअरिंगे, मिनिटाला २,००० फेरे, वरून ६,००० पौंडांचा भार. तेल परतण्याच्या नळीत लोहचुंबक बसविलेले. त्यावर प्रमाणाबाहेर कीस चिकटला की प्रयोग थांबे. कंपनाची नोंद थोड्या थोड्या वेळाने होत राही. १२ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेला एक प्रयोग आठवड्याने संपला, तो पहिल्या बेअरिंगचे बाहेरचे कडे खराब होऊन. पण नोंदी चाळल्या, तर त्या बेअरिंगच्या कंपनातील फरक शेवटाच्या काही दिवस आधीच दिसू लागतो. जुना फिटर कान लावून हेच करतो. मात्र कानाला कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

या नोंदी नासाच्या संग्रहातून सर्वांस खुल्या झाल्या, हे आम्हांस प्रयोगाहूनही मोलाचे वाटते. कारखाने आपले बिघाड सहसा झाकून ठेवतात, आणि बिघाडाच्या नोंदींवाचून हे शास्त्र पांगळे. शिवाय प्रयोगशाळेत भार व वेग एकसारखा. गिरणीत तो घडोघडी बदलतो. त्यामुळे खोटी सूचना मिळते. दोन-चारदा काम फुकट थांबले, की कामगार त्या सूचनेकडे पाहीनासा होतो.

आपल्या पंपाला असली उपकरणे परवडणार नाहीत. पण थरथर वाढली काय, आवाज घासरा झाला काय, निथळून काढलेल्या तेलात चकाकता कीस आहे काय, हे पाहावयास खर्च येत नाही. तेल-ग्रीस वेळेवर हवेच, आणि झिजणारा पट्टाही मुदतीने बदलावाच. आतल्या बेअरिंगला मात्र केवळ तारीख आली म्हणून हात लावू नये.