घाम कोणाचा, हुकूम कोणाचा?

आमच्या अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत जे घडले ते येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. सुट्टीत ती आपल्या वर्गबंधूंसह ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात जाऊन आली. दोन आठवडे तिने नळासाठी चर खणले, टाकीसाठी सिमेंट कालवले, मक्याच्या शेतात खुरपणी केली. या प्रवासासाठी संयोजकांना तिने घसघशीत शुल्कही भरले होते. ती हे सांगत असता आमचे एक तरुण सहकारी म्हणाले, "म्हणजे साम्राज्यवादाच्या मांडवात पुण्यसंचय!" बैठक हसली. मुलगी गप्प झाली. वडिलांचे ऐकून तीही मला सरच म्हणते. निघताना दाराशी तिने विचारले, "सर, तिथे पाणी नव्हतं, हे तर खरं होतं ना?"

त्या हशाविरुद्ध मला लिहावयाचे आहे. आणि ज्या धंद्याने तिला तेथे नेले त्याच्याविरुद्धही.

आधी धंद्याचा हिशेब करू. समजा, वीस विद्यार्थी गेले आणि विमानभाडे, निवास व शुल्क मिळून प्रत्येकाने दीड लाख रुपये खर्च केले. एकूण तीस लाख झाले. चर खणणारे मजूर आणि टाकी बांधणारे गवंडी त्या मुलखात आहेत. कसलेले आहेत आणि त्यांना काम हवे आहे. कोणी म्हणेल, हा पैसा गवंड्याला थोडाच मिळणार होता? बरोबर आहे, मिळणार नव्हताच. आणि मला नेमके हेच दाखवावयाचे आहे. या व्यवहारात विकली गेलेली वस्तू टाकी नव्हे. विकला गेला तो अनुभव. गिऱ्हाईक आहे विद्यार्थी, आणि गावाचे दारिद्र्य हा या धंद्याचा कच्चा माल आहे. आपला कच्चा माल संपून जावा अशी इच्छा कोणता कारखानदार धरील?

म्हणूनच त्या गावाला पाणी का नाही, हा प्रश्न अशा सहलीत कोणी विचारीत नाही. ग्वातेमालात १९५२ साली हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा केला. बड्या मालकांची पडीक जमीन घेऊन ती सुमारे एक लाख कुटुंबांना देण्यात आली. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीचीही जमीन गेली. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने घडवून आणलेल्या उठावाने ते सरकार उलथले, आणि वाटलेली जमीन बहुतांशी परत हिसकावण्यात आली. ज्यांच्या पायाखालची जमीन गेली त्यांच्या नळाचा चर खणण्यास त्याच अमेरिकेतून आता मुले येतात, आणि या इतिहासाचे एक पानही त्यांच्या हाती कोणी ठेवीत नाही. दोष मुलांचा नव्हे. पान दडविणाऱ्यांचा आहे.

परंतु येथे थांबून हसणाऱ्यांना मी दुसरे एक उदाहरण देतो. बेंजामिन लिंडर हा अमेरिकन तरुण १९८३ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन निकाराग्वाला गेला आणि तेथील राष्ट्रीय वीज संस्थेत काम करू लागला. उत्तरेकडील एल कुआ या गावी त्याने स्थानिक लोकांसह लहानसे जलविद्युत केंद्र उभारले आणि ते चालविण्यास गावातीलच माणसे तयार केली. लसीकरणाच्या मोहिमेत विदूषकाचा वेष करून, एकचाकी सायकल चालवून तो मुलांना जमवीत असे. २८ एप्रिल १९८७ रोजी सान होसे दे बोकायजवळ, नव्या केंद्रासाठी ओढ्याचा प्रवाह मोजण्यास छोटा बांध घालीत असता काँट्रांनी त्याला ठार केले. सेर्हिओ एर्नांदेस आणि पाब्लो रोसालेस हे दोन निकाराग्वी सहकारीही त्याच्याबरोबर मारले गेले. याच काँट्रांसाठी आदल्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने दहा कोटी डॉलर मंजूर केले होते. लिंडरच्या सोबत्यांनी काम सोडले नाही. बोकायचे केंद्र १९९४ साली सुरू झाले.

हाही 'पुण्यसंचय' म्हणावयाचा काय?

त्याच काळात शेकडो परदेशी विद्यार्थी व कामगार निकाराग्वात कॉफी तोडावयास जात. युद्धामुळे मळ्यांवर माणसे कमी पडत होती. नवख्या हातांनी कॉफी कितीशी तोडली जाणार! पण ते परत गेले आणि आपल्या गावागावांतून, चर्चमधून, विद्यापीठांतून डोळ्यांनी पाहिलेले सांगू लागले. फेब्रुवारी १९८८ मध्ये काँट्रांना नवी लष्करी मदत देण्याची रेगन यांची मागणी तेथील प्रतिनिधिगृहाने फेटाळली. त्याचे सारे श्रेय या स्वयंसेवकांना देणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांना काहीच श्रेय न देणे हा कोतेपणा होईल. आज मानाग्वात असलेल्या ऑर्तेगा यांच्या राजवटीने २०१८ साली निदर्शक विद्यार्थ्यांवरच गोळ्या चालविल्या. तिची तरफदारी मी करीत नाही. राजवटी बिघडतात. त्यामुळे लिंडरने मोजलेला प्रवाह खोटा ठरत नाही.

घाम दोन्हीकडे सारखाच खारट असतो. फरक आहे तो हुकमाचा. काम गावाने मागितले होते की संयोजकाने शोधून काढले? कामाची आखणी कोणाच्या हाती होती? पाहुणे गेल्यावर पंप बिघडला तर दुरुस्त करणारा हात गावात तयार झाला काय? आणि परतलेला तरुण छायाचित्रे दाखवितो, की आपल्या सरकारला जाब विचारतो?

हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडीत बसली होती. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी श्रमाची टवाळी केली नाही. हे हात खडीऐवजी पाझर तलावांना, बंडिंगला, विहिरींना लावा, अशी मागणी करीत ते मोर्चे घेऊन कचेऱ्यांवर गेले. श्रम कशासाठी, हे श्रमणाऱ्याने ठरवावे, हाच त्या मागणीचा गाभा होता.

म्हणून माझे सहकाऱ्यांना सांगणे आहे: हातात फावडे घेतलेल्या तरुणाला हसू नका. ज्याने आयुष्यात चर खणला नाही त्याला तर तो अधिकार मुळीच नाही. त्या मुलीला पुन्हा बोलवा. १९५४ साली ग्वातेमालात काय झाले ते तिला सांगा, आणि चर किती खोल खणावा लागतो ते तिच्याकडून शिकून घ्या. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दाराशीच दिले होते. "होय पोरी, पाणी नव्हते. आता ते का नव्हते, हे शोधणे तुझे काम आहे. आणि त्या कामाला तिकीट लागत नाही."