कुवेतमध्ये शिजवतो, गावात ताट मागतो

कोकणातल्या आमच्या मुसलमान मोहल्ल्यांत आखाती देशांशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई कुवेत, दुबई, दोहा नाहीतर जेद्दाहला असतोच. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे कामं निघाली आणि आमची माणसं तिकडे निघाली. पन्नास वर्षांत तिकडून गावात काय काय आलं ते आपण पाहिलंच आहे. ब्लँकेटं आली, अत्तरं आली, टेपरेकॉर्डर आले, कौलारू घरं जाऊन स्लॅबची घरं आली. एक गोष्ट मात्र आली नाही. तिकडे गेलेला माणूस स्वयंपाक शिकला, चांगला शिकला. पण तो स्वयंपाक काही त्याच्याबरोबर विमानातून खाली उतरला नाही. माझं आजचं म्हणणं त्याबद्दल आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लग्नानंतर सहा वर्षं मी कुवेतमध्ये होते. आमच्या इमारतीत खालच्या दोन मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या खोल्या होत्या. एका खोलीत सहा, कधी आठ जण. फ्रिजवर पाळीचा कागद चिकटवलेला असायचा: रविवारी कोण शिजवणार, सोमवारी कोण, भांडी कुणाची, बाजार कुणाचा. ज्याची पाळी चुकेल त्याने शुक्रवारची कोंबडी आणायची. या माणसांनी गावी असताना चहासुद्धा स्वतः केलेला नव्हता. आल्यावर पहिले काही दिवस खुबूस आणि दही खाऊन काढायचे, मग हळूहळू शिकायचे. जिन्यात भेटले की विचारायचे, "भाभी, सालन पातळ झालं तर काय करायचं?" "भाभी, डाळीला बघार आधी की नंतर?" वर्षभरात हेच लोक मला सांगू लागायचे की कोणत्या दुकानात सोडे बरे मिळतात आणि डब्यातलं नारळाचं दूध कधी घालावं म्हणजे फाटत नाही. गावाहून कुणी येणार असलं की आमसुलं, लाल मिरचीचा मसाला आणि कुळथाचं पीठ मागवलं जायचं. आमसुलं संपली की लूमीवर भागवायचे. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळं पडेपर्यंत वाळवलेलं लिंबू. एक टोचून आमटीत टाकलं की काम भागतं.

परदेशात राहिलं की नवं अन्न कळतं असं म्हणतात. मलाही कळलं, पण हॉटेलात नाही. हॉटेलात सगळीकडे तोच भाजलेला कोंबडा आणि तोच शोरमा. तिकडचं खरं अन्न शेजारणींच्या चुलीवर कळलं. कुवेती घरात रोजच्या दुपारी जो मचबूस होतो, तो म्हणजे मसाल्याच्या पाण्यात मटण किंवा कोंबडी शिजवायची आणि त्याच पाण्यात तांदूळ. सोबत दकूस, म्हणजे टोमॅटो-लसणीची तिखट चटणी. त्यांचा लाडका मासा जुबैदी, तो आपला पापलेट. सकाळच्या नाश्त्याला बलालीत, म्हणजे साखर-वेलची घातलेल्या गोड शेवया आणि वर अंड्याची पोळी. आपल्याकडे शेवयांवर अंडं कुणी घालणार नाही, पण शेवया पाहून मला ईद आठवली. खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई कोशरी करायची: तांदूळ, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस आणि तळलेला कांदा. महिनाअखेरीला तिच्या घरी तेच, आमच्या घरी खिचडी. दोघी एकमेकींची वाटी नेत असू.

यात नवल वाटण्यासारखं तसं काही नाही. कुवेतची गलबतं मुंबईला आणि मलबारला शेकडो फेऱ्या करत होती. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत तिकडे रुपयाच चालत होता. जिथे पैसा चालतो तिथे मसाला आणि तांदूळ पोचणारच. मला त्या सहा वर्षांत समजलं ते एवढंच की कोणत्याही मुलखाची ओळख त्याच्या मेजवानीपेक्षा त्याच्या मंगळवारच्या जेवणातून जास्त होते. आणि हे मंगळवारचं जेवण करणारा हात जगात सगळीकडे बाईचा असतो, ही जी माझी समजूत होती, ती खालच्या दोन मजल्यांनी मोडली.

खरं म्हणजे ती आधीच मोडायला हवी. आमचे आजे-पणजे बोटीवर खलाशी होते. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला 'भंडारी' म्हणत. महिनोन् महिने समुद्रावर पुरुषांनीच पुरुषांना रांधून घातलं. आजही लग्नाची देग चढते तेव्हा तिच्याजवळ पुरुषच असतो. बावर्चीला बोलावणं जातं, त्याला पैसे मिळतात, चार गावांत त्याचं नाव होतं. मग पुरुषाला रांधता येत नाही, ते त्याला शोभत नाही, हे आलं कुठून? देग पुरुषाची आणि तवा बाईचा, अशी वाटणी झाली आहे. देगीला मजुरी आहे, वाहवा आहे. तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीला दोन्ही नाही. उलट एखादी जाड झाली तर ती मात्र लगेच सगळ्यांच्या लक्षात येते.

आता गावी परत येऊया. दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला माणूस पाहुण्यासारखा असतो. आई म्हणते, तिकडे हाताने करून खातो बिचारा, इथे तरी बसून खाऊ दे. मला हे पटतं. पन्नास अंशांच्या आसपासच्या उन्हात काम केलेल्या माणसाने दोन महिने बसून खाल्लं तर कुणाचं काही बिघडत नाही. माझा प्रश्न कायमचा परत आलेल्या माणसाबद्दल आहे. वीस-बावीस वर्षं रांधलेला माणूस गावी येतो आणि पाण्याचा पेलासुद्धा मागून घेतो. बायको अंगणवाडीत असेल, शिलाई करत असेल, शाळेत शिकवत असेल, तरी दुपारी धावत घरी येऊन भाकरी तिनेच टाकायची. तो ओसरीवर बसून "वाजले किती?" विचारतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी डिसेंबरमध्ये शाळेत यायची थांबली. हुशार मुलगी, पहिल्या बाकावरची. आठवडा झाला तेव्हा मी घरी गेले. आईचा हात मोडला होता, प्लास्टर होतं. घरात बाप होता, दोन मोठे भाऊ होते. बाप कुवेतहून चार वर्षांपूर्वी परत आलेला. खोलीत त्याच्या हातच्या कोळंबीच्या सालनाची तारीफ व्हायची, हे मला तिच्या आईनेच पूर्वी एकदा हसत सांगितलं होतं. मी त्यांना सरळ म्हटलं, "चाचा, तुम्हाला तर सगळं येतं. पोरीची परीक्षा आहे." ते रागावले नाहीत. खाली बघून म्हणाले, "बाई, तिकडची गोष्ट वेगळी होती. तिकडे बघायला कोण होतं? इथे लोक काय म्हणतील?"

त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं, म्हणूनच मला ते विसरता येत नाही. त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांना कष्टाचा कंटाळा होता असंही नाही; सकाळी विहिरीचं पाणी तेच आणत होते, कारण पंप बिघडला होता. त्यांना भीती होती ती शेजारच्या ओसरीची. या भीतीची किंमत मुलीने अठरा दिवसांच्या गैरहजेरीने भरली. ती परत आली तेव्हा गणिताची दोन प्रकरणं निघून गेली होती. पास झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण विज्ञान शाखेला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत. सगळा दोष त्या अठरा दिवसांना देता येणार नाही. पण त्यांचा वाटा नव्हता असंही मला कुणी सांगू नये.

हे एका घराचं दुखणं नाही आणि एकट्या मुसलमानांचंही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोक आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१.२ टक्के जणी दिवसभरात घरचं बिनपगारी काम करतात. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बाईची रोजची २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. शाळेचा दिवसही साधारण तेवढाच असतो.

काही जण म्हणतात, स्वयंपाकघर हे बाईचं राज्य आहे, तिथे पुरुषाने लुडबुड कशाला करावी. काही सासवाच हे म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्या बाईला घरात दुसऱ्या कशावरच हक्क नव्हता, तिला मिठाच्या बरणीवर तरी हक्क वाटला तर त्यात तिचं काय चुकलं? पण ज्या राज्यातून राणीला एक दिवसाची सुट्टी मिळत नाही, आजारी पडली तर दहावीतल्या लेकीला तिच्या जागी बसवावं लागतं, ते कसलं राज्य?

दुसरे धर्माचं नाव घेतात. त्यांना मी एवढंच आठवण करून देते: बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा यांची रिवायत आहे. पैगंबर (स.) घरात काय करत, असं त्यांना विचारलं गेलं. त्या म्हणाल्या की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. त्याच ग्रंथात हेही आहे की त्यांनी अन्नाला कधी नावं ठेवली नाहीत; आवडलं तर खात, नाही तर सोडून देत. आपण दाढीची लांबी मोजतो, सुन्नत म्हणून मिसवाक वापरतो. घरच्या कामाची सुन्नत मात्र सोयीने विसरतो.

मी काय करू शकते? मी शिक्षक आहे, मला गृहपाठ देता येतो. यंदा आठवीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी एक काम दिलं. घरात रोज होणारा एक पदार्थ स्वतःच्या हाताने करायचा आणि त्याची कृती अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत लिहून आणायची. बिर्याणी आणि शीरखुर्मा बाद. मुलगे-मुली सगळ्यांना सारखंच. पहिल्या दिवशी मुलग्यांच्या बाकांवर खूप हशा झाला. तीन पालकांनी निरोप पाठवला की हे कसलं शिक्षण. पण वह्या आल्या. एकाने लिहिलं होतं, "डाळ उतू गेली, शेगडी पुसायला डाळ शिजण्यापेक्षा जास्त वेळ लागला." एकाने आजीला विचारून सांदण केलं, आजी म्हणाली म्हणे, माझ्या पोरांपैकी कुणी हे आजवर विचारलं नव्हतं. फोडणी आणि बघार, परतणं आणि भूनना, वाफ आणि दम, असे शब्दांचे जोड फळ्यावर लिहिताना भाषेचाही तास झाला. आपल्या रोजच्या जेवणाबद्दल उर्दूतही कुणी फारसं लिहीत नाही आणि मराठीतही नाही. वह्यांत आलं तर कधीतरी पुस्तकात येईल.

यातली काही मुलं उद्या तिकडे जाणारच आहेत. तिथे हे उपयोगी पडेल, असं मी पालकांना सांगते, कारण ते त्यांना चटकन पटतं. पण मला तेवढ्यासाठी शिकवायचं नाही. तिकडची नोकरी आज आहे, उद्या नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा आमच्याकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परतली. पगार बुडाले, सामान तिकडेच राहिलं. जे हाताला येत होतं तेच बरोबर आलं. त्या हाताला इथे काम नाही असं आपण ठरवून टाकलं.

म्हणून परत आलेल्या माझ्या भावांना आणि चाचांना एक विनंती आहे. येत्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर घरी या आणि खोलीत करायचात ते सालन करा. दार उघडं ठेवून करा. शेजारच्या ओसरीवरून कुणी हसलं तर त्यालाही वाटीभर पाठवा. बहुतेक तोही पंधरा वर्षं दोहात पाळी लावूनच जेवलेला असेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा करा. आणि भांडीही घासा, कारण खोलीत ज्याची पाळी तोच घासत होता.